सोनाजीचा मैल

"फकिरा, खाली उतर. शिडी मी धरलीया. तू नाय उतरला तर शिडी उतरंल."

"चाचा, एक पत्रा तो रहने दो! रोज का क्या झगडा अपना?"

"कशाचा हाय पत्रा?"

"मूळव्याध का. बिना ऑपरेशन, गॅरंटी से."

"मंग झाडाला कामून ठोकतो? झाडाला झालीया का मूळव्याध?"

फकिराला हसू आवरेना. हातातला हातोडा निसटून खाली धुळीत पडला आणि त्यापाठोपाठ तोही मुकाट्याने शिडी उतरला. सोनाजीने शिडी बाजूला केली, टिकावाचे टोक जाहिरातीच्या पत्र्याच्या मागे घातले आणि एका हिसक्यात पत्रा सोडवला. मग खिळा चिमटीत धरून त्याने तो फकिराच्या खिशात टाकला. पत्रा मात्र परत दिला नाही. झाडावरून निघालेला पत्रा सोनाजीचा, हा त्या दोघांमधला जुना रिवाज होता. सोनाजीच्या शेळ्यांचा गोठा अशाच पत्र्यांनी शाकारलेला होता; एक शेळी इंग्रजी संभाषणवर्गाखाली बसे, तर दुसरी दातांच्या डॉक्टरखाली.

हे चालले होते जालना रस्त्यावर, चिकलठाण्याचा विमानतळ मागे टाकून शेंद्र्याकडे निघाले की लागणाऱ्या टप्प्यात. सोनाजी हा बांधकाम खात्याचा मैलकुली. रस्त्याचा एवढा एक टप्पा त्याच्या अंगावर होता. पडलेले खड्डे भरणे, साईडपट्टी सारखी करणे, मोरीचे तोंड मोकळे ठेवणे, मैलाचे दगड रंगवणे आणि झाडांना गेरू-चुना देणे, ही त्याची कामे. पोलीस ॲक्शननंतर दहाएक वर्षांनी तो नोकरीला लागला, तेव्हा रस्ते मैलांनी मोजले जात. पुढे दगड बदलले, किलोमीटर आले. परंतु सोनाजीचा मैल मैलच राहिला. तो कोणालाही ठासून सांगे, "मुंबईपासनं नागपूरपोतर जावा. असा मैल दावा, मी पागुटं काढून ठेवतो." आजवर कोणी त्याला पागोटे काढायला लावले नव्हते.

झाड रंगवण्याची त्याची रीत ठरलेली होती. चुना दोन दिवस भिजत घालायचा, त्यात बाभळीचा डिंक विरघळवायचा, म्हणजे बोटाला लागत नाही आणि पावसाने ओघळत नाही. घायपाताचे पान कुटून कुंचला करायचा. खाली गेरूचा रुंद पट्टा, त्यावर पांढरा, आणि शेवटी पांढऱ्याच्या माथ्यावर गेरूची एक बारीक रेघ. ही रेघ ओढण्यातच सारे कसब होते. खोडाभोवती फिरत एका दमात ती ओढायची, आणि जिथे सुरू केली तिथेच आणून मिळवायची. दोन टोके मिळतात तो सांधा किंचित जाड होतोच. इतर मैलकुली तो कुठेही सोडत. सोनाजी तो नेहमी शेताच्या बाजूला घेई. रस्त्याने जाणाऱ्याला रेघ अखंड दिसली पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. हे कोणी त्याला शिकवले नव्हते. त्याने मात्र ते आपल्या मुलाला, बिरूला, पोरवयातच शिकवले होते.

"मेरे इत्ते-इत्ते पत्रे निकालते चाचा," फकिरा शिडी खांद्यावर घेत म्हणाला, "और तुम्हारा बिरू तो पूरी दीवार खडी कर रहा. उसको कौन बोलेगा?"

"त्यो बोर्ड नानासाहेबाच्या रानात हाय. रस्त्याच्या हद्दीत नाय. हद्दीच्या भायेर दुसरा मकबरा बांधा म्हनावं, माझं काय जातंय?"

असे म्हणताना सोनाजीच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट थोडा तोराच होता. बिरू फिटर होता. चिकलठाण्याच्या ज्या कारखान्यात तो हंगामी म्हणून चिकटला होता तो बंद पडला, आणि वर्षभर मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मिळेल ती हमाली करून झाल्यावर त्याला जाहिरातींचे फलक उभारणाऱ्या तात्यासाहेबांकडे काम मिळाले होते. नानासाहेबांच्या शेताच्या बांधालगत आठ दिवसांत लोखंडी सांगाडा उभा राहिला. सगळ्यात वरच्या आडव्या कोनपट्टीवर बसून बिरू बोल्ट आवळत असे, तेव्हा सोनाजी खालून फावड्यावर रेलून बघत राही. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "वरचा गडी आपला हाय. मेंढरामागं हिंडनाऱ्या बिरादरीतला, पर उंचीचं भ्या नाय त्याला."

अडचण सांगाडा उभा राहिल्यावर ध्यानात आली. बांध आणि रस्ता यांच्यामध्ये, रस्त्याच्या हद्दीत, एक कडुनिंब होता. जालन्याकडून येणाऱ्या वाहनातून फलकाकडे पाहिले की निंबाचा शेताकडे पसरलेला घेर बरोबर मध्ये येई.

तात्यासाहेब जीपमधून उतरले, रस्त्यावर पाचपन्नास पावले मागे-पुढे चालले आणि सोनाजीजवळ आले. माणूस गोडबोल्या होता. चिडलेला कोणी पाहिला नव्हता.

"सोनाजी, हे झाड बोर्डाला आडवं येतंय बघा."

"साहेब, बोर्ड झाडाला आडवा आलाय. झाड आधीचं हाय."

"ते खरं. पण जालन्याकडून येणाऱ्या माणसाला बोर्ड कसा दिसणार?"

"उतरून बघंल की. सावली बी हाय बसायला."

तात्यासाहेब मनापासून हसले. त्यांनी सोनाजीला पान दिले. रीतसर अर्ज करून झाड तोडण्याची परवानगीही त्यांनी मागितली. ती खात्याच्या ओव्हरसीयर साहेबांनी दोन ओळींत नाकारली. रस्त्याच्या हद्दीतले हिरवे झाड फलकासाठी तोडता येणार नाही. सोनाजीच्या लेखी विषय तिथे संपला. तो निंब त्याने नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात लावला होता. त्याला काट्यांचे कुंपण करताना हाताला झालेल्या जखमेची खूण अजून दिसत असे, आणि ती तो फलक दाखवावा तशी लोकांना दाखवी.

पाडव्याला निंब कोवळ्या पालवीने भरतो. त्या वर्षीही मैलातले सगळे निंब तांबूस-पोपटी झाले. फक्त नानासाहेबांच्या बांधासमोरचा तेवढा झाला नाही. आधी शेताकडची पाने पिवळी पडली, मग गळू लागली. सोनाजीने वाळवी पाहिली, मुळाशी खणून पाहिले. काही सापडेना. मग खोडाला टेकून विडी पेटवताना त्याची नजर रेघेवर गेली.

रेघ ताजी होती.

त्याच्या मैलातली झाडे दिवाळीला रंगली होती. एव्हाना सगळ्यांचा गेरू धुळीने मळकट झालेला होता. या झाडाचा मात्र काल-परवा दिल्यासारखा लख्ख होता. तोही सगळीकडे नव्हे. शेताकडच्या बाजूला हातभर. जुन्यात नवा असा बेमालूम मिसळला होता की रस्त्यावरून कोणाला कळले नसते. सोनाजीने पांढऱ्या पट्ट्यावर बोट घासले. बोटाला चुना लागला नाही. त्याने वरची बारीक रेघ पाहिली. ती न थरथरता ओढलेली होती आणि तिचा सांधा जिथे असायला हवा तिथेच होता.

त्याने टिकावाच्या टोकाने पट्टा खरवडला. आत मातीचा बोळा, बोळ्यामागे गिरमिटाने पाडलेले तिरके भोक. भोकातून हिंगाचा उग्र दर्प आला. झाड न तोडता मारायचे असेल तर त्यात हिंग भरतात, हे त्या भागातल्या सगळ्यांना ठाऊक होते. परंतु हिंग भरणारा माणूस वरून शेण-माती फासतो आणि निघून जातो. भोक बुजवल्यावर झाड नीट रंगवून जाणारा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच असू शकत होता. रंग उडालेले झाड त्याला तसेच सोडवले नसते. तशी त्याला सवयच नव्हती.

सोनाजीची विडी विझली. ती त्याने पुन्हा पेटवली नाही.

दुपारी तो घरी गेला. बिरू जेवायला बसला होता. कस्तुराबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. सोनाजीने हातपाय धुतले, भिंतीला टेकून बसला आणि साध्या आवाजात विचारले,

"चुन्यात डिंक किती घातला व्हता?"

"नेहमीइतका," बिरू म्हणाला, आणि त्याचा घास हातातच राहिला.

तव्यावरची भाकरी करपली तरी कस्तुराबाईने उलथली नाही. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिले, एकदा मुलाकडे.

"काय केलं रं?" तिने विचारले.

"निंबात हिंग भरला त्यानं," सोनाजी म्हणाला. "वर रंग दिला. रंग चांगला दिलाय."

बिरूने ताट सरकवले. "तात्यासाहेब म्हनले, झाड तोडायला बंदी हाय, वाळायला नाय. आपोआप वाळलं तर कुनाचं काय जातंय? बोर्ड दिसला की तुला पर्मनंट करतो म्हनले. समद्या बोर्डांची देखभाल माझ्याकडं."

"आन् तू आयकलं."

"मंग काय करू, आबा? सासुरवाडीला गेलो की मेव्हनं इचारतेत, दाजी, ह्या महिन्यात कुटं हाव? तुम्हाला सरकारी नोकरी घावली, तवा एक मैल घावला. मला कोन देतंय मैल?"

हे बोलणे खोटे नव्हते, आणि सोनाजीला ते खोटे आहे असे म्हणताही आले नाही. कस्तुराबाईने तवा चुलीवरून उतरवला.

"दोन वर्सं हंड्यानं पानी घातलंय मी त्या झाडाला," ती म्हणाली. "ह्यो रोडावर कामाला, आन् तू माझ्या कडंवर. एका बाजूला तू, एका बाजूला हंडा. आता काय बोलू तुला? जेव."

बिरू जेवला नाही. सोनाजी उठला तेव्हा त्याचे ठरलेले होते.

"उद्या सकाळी भोक उकरायचं, धुवायचं, शेना-मातीनं लिंपायचं. पानी तू घालायचं. तात्यासाहेबाला जाऊन तूच सांगायचं, झाड मारनार नाय म्हनून. मी येनार नाय संगं."

"नोकरी जाईल, आबा."

"जाईल," सोनाजी म्हणाला.

नोकरी गेली. तात्यासाहेब रागावले नाहीत. "माणूस चांगला आहेस, पण मला बोर्ड दिसणारा माणूस पाहिजे," एवढेच म्हणाले. बिरू पुन्हा मोंढ्यात पोती उचलू लागला. सोनाजीने ओव्हरसीयर साहेबांना स्वतः जाऊन सांगितले, "निंबाला हिंग भरला व्हता. कुनी भरला ते मला ठाव हाय. नाव इचारू नका, झाड मी उभं करतो." साहेब वयाने धाकटे, पण समजूतदार होते. ते म्हणाले, "सोनाजी, झाड उभं राहिलं तर मी काही विचारणार नाही. वाळलं तर मला विचारावंच लागेल."

मोंढ्यातून सुटल्यावर बिरू सायकलला दोन्ही बाजूंनी कॅन बांधून गावच्या हापशावरून पाणी आणी. खोडाभोवती आळे केले होते, त्यात ओते आणि निघून जाई. बापलेक रोज समोरासमोर येत, पण बोलत नसत. सोनाजी साईडपट्टी ओढत राही. कॅन रिकामे झाले की तो आळ्याची फुटलेली कड पायाने सारखी करी, एवढेच. दरम्यान सांगाड्यावर पत्रे चढले. दोन रंगारी परांचीवर बसून शहरातल्या एका साडीच्या दुकानाची जाहिरात रंगवून गेले. पैठणी नेसलेली, दोन पुरुष उंचीची बाई रस्त्याकडे बघून हसू लागली. निंबामुळे तिचे हसू जालन्याकडच्यांना दिसत नव्हते.

वैशाख संपता संपता निकाल दिसला. निंबाची शेताकडची बाजू गेली होती. रस्त्याकडची हिरवी होती. बरोबर मध्ये, दोन्हींच्या बेचक्यातून निघालेली एक जाड फांदी होती. तिच्यावर पान नव्हते, पण ती वाळल्यासारखी कडकही दिसत नव्हती. ओव्हरसीयर साहेब येऊन पाहून गेले. मृगाच्या वाऱ्यात वाळकी लाकडे रस्त्यावर पडू नयेत म्हणून त्यांनी सांगितले, "वाळलेलं काढा, ओलं ठेवा."

सोनाजीचे गुडघे आता झाडावर चढण्याजोगे राहिले नव्हते. त्याने बिरूला विचारले नाही. परंतु रविवारी सकाळी तो करवत आणि दोन दोर घेऊन निंबाखाली गेला, तर बिरू आधीच तिथे येऊन बसला होता. त्याने एका दोराचे एक टोक कमरेला बांधले, दुसरे बापाच्या हातात दिले आणि करवत व दुसरा दोर घेऊन वर चढला.

तेवढ्यात जीप आली. तात्यासाहेब उतरले. सकाळची कोवळी उन्हे होती. त्यांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिले.

"वाळकं काढायची परवानगी मिळाली म्हणे."

"मिळाली," सोनाजी म्हणाला.

"बिरू!" तात्यासाहेबांनी हाक मारली. "ती मधली फांदीपण वाळकीच आहे की रे. पान एक नाही तिच्यावर. ती काढलीस की बोर्ड सगळा मोकळा होतो. कोणी काही म्हणणार नाही, साहेबांचीच परवानगी आहे. आणि ऐक, सोमवारपासून कामावर ये. मी म्हणालो होतो ते पर्मनंटचं, ते अजून आहे माझ्या मनात."

वर बिरूने करवत हातात घेतली. तात्यासाहेबांनी सोनाजीकडे पाहिले. "काय सोनाजी? तुम्ही सांगा त्याला. मुलाचं कल्याण आहे."

सोनाजीने दोराला हाताभोवती आणखी एक वेढा दिला. "करवत त्याच्या हातात हाय, साहेब," तो म्हणाला. "माझ्या हातात दोर तेवढा हाय."

बिरू कामाला लागला. शेताकडच्या वाळक्या फांद्या त्याने एकेक करून कापल्या. प्रत्येक फांदी आधी दुसऱ्या दोराने बांधे, मग कापे. सोनाजी तो दोर सोडत सोडत ती खाली उतरवी. लाकूड कडाकडा मोडत होते, भुसा कोरडा पडत होता. एकेक फांदी उतरली तशी पैठणीवाली बाई उघडी होत गेली. आधी पदर दिसला, मग हात, मग हनुवटी, मग अर्धा चेहरा. जालन्याकडून आलेल्या एसटीतल्या दोघा-तिघांनी माना वळवल्या. तात्यासाहेब खुशीत आले. चेहऱ्याचा उरलेला अर्धा भाग मधल्या फांदीमागे होता.

बिरू बेचक्यात दोन्ही पाय रोवून उभा राहिला. मधली फांदी आता त्याच्या छातीसमोर होती. त्याने करवत तिच्यावर टेकवली. सोनाजी वर बघत नव्हता. आपल्या हातातल्या दोराकडे बघत होता आणि त्याचे पीळ मोजल्यासारखे बोटांनी चाचपत होता.

बिरूने करवत ओढली नाही. त्याने ती काखेत धरली आणि अंगठ्याच्या नखाने फांदीची साल थोडीशी खरवडली. मग तसाच वाकून बघत राहिला. दुसऱ्या ठिकाणी खरवडली. तिसऱ्या.

"आबा," वरून त्याचा आवाज आला. त्या जेवणाच्या दुपारनंतर पहिल्यांदाच त्याने बापाला हाक मारली होती. "ओली हाय. आतून हिरवी हाय."

"अरे, किती ओली?" तात्यासाहेब खालून म्हणाले. "आठ दिवसांत वाळेल ती. बिरू, नीट विचार कर."

बिरूने मान वर केली. त्या उंचीवरून त्याला चिकलठाण्याच्या कारखान्यांची पत्र्याची छपरे दिसत असतील, शेंद्र्याकडची मोकळी राने दिसत असतील, आणि हाताच्या अंतरावर त्या बाईचा अर्धा चेहराही. मग त्याने कमरेचा दोर सोडला. त्याच्या टोकाला करवत बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली, आणि करवत हळूहळू खाली सोडू लागला.

सोनाजीने दोन्ही हात वर केले. करवत हेलकावे घेत त्याच्या हातात आली. त्याने गाठ सोडली, पात्यावरचा भुसा पागोट्याच्या शेवाने पुसला, आणि दोराचे मोकळे टोक पुन्हा वर फेकले, उतरणाऱ्याला कमरेला बांधायला लागणार होते म्हणून.